'ऑनर' म्हणजे कोणाचा मान?

आपल्या शाळेत 'ऑनर' हा इंग्रजी शब्द सतत कानावर पडतो. मुख्य इमारतीत ऑनर बोर्ड आहे. प्रमुख पाहुणे आले की गार्ड ऑफ ऑनर दिला जातो. परीक्षेच्या आधी सर आम्हाला ऑनर कोडची आठवण करून देतात. या शब्दाचे मराठी विचारले तर आपण चटकन 'मान' किंवा 'सन्मान' असे सांगतो आणि पुढे जातो.

पण थोडा विचार केला तर घोटाळा दिसतो. गार्ड ऑफ ऑनरमधला मान पाहुण्यांना मिळतो. ऑनर बोर्डवरचा मान माजी कॅडेट्सना मिळालेला असतो. ऑनर कोडमधला ऑनर मात्र कोणी कोणाला देत नाही, तो आपण पाळायचा असतो. मिळणे आणि पाळणे या दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कशा आल्या? हे समजून घेण्यासाठी मी या शब्दाचा इतिहास पाहिला. तो रोमपासून सुरू होतो आणि माझ्यासाठी तरी रायपूरच्या गोल बाजारात येऊन पोहोचतो.

रोमचे दोन देव

इंग्रजी 'ऑनर' हा मूळचा लॅटिन शब्द आहे. लॅटिनमध्ये तो 'होनोर' किंवा जुन्या रूपात 'होनोस' असा होता. त्याचा अर्थ मान, आदर, आणि त्याबरोबरच सरकारी पद. रोममध्ये एखादा तरुण राजकारणात शिरला की त्याला पायरीपायरीने क्वेस्टर, ईडाइल, प्रेटर आणि शेवटी कॉन्सल अशी पदे मिळत. या वाटेला ते 'कुर्सुस होनोरुम' म्हणजे मानाच्या पदांची वाटचाल म्हणत. म्हणजे त्या काळी ऑनर ही लोकांनी निवडून दिलेली, बाहेरून मिळणारी वस्तू होती.

रोमन लोकांनी होनोस नावाचा देवही मानला होता. सिराक्यूज जिंकणारा सेनापती मार्सेलस आपल्याला आर्किमिडीजच्या गोष्टीमुळे माहीत आहे. त्याला होनोस आणि व्हिर्टुस, म्हणजे मान आणि पराक्रम, या दोघांचे एकत्र मंदिर हवे होते. पण एका गाभाऱ्यात दोन देव बसवता येणार नाहीत, असे पुरोहितांनी सांगितले. म्हणून व्हिर्टुससाठी वेगळे मंदिर जोडण्यात आले. पराक्रमाच्या दारातून गेल्याशिवाय मानाच्या गाभाऱ्यात जाता येत नाही, असा अर्थ पुढच्या काळातल्या लेखकांनी त्यातून काढला.

रोमचे राज्य गेले, पण शब्द फ्रेंच भाषेत टिकला. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि फ्रेंच ही तिथल्या दरबाराची भाषा झाली. साधारण १२०० च्या सुमारास हा शब्द इंग्रजीत आला. फ्रेंच लोक 'ह'चा उच्चार करत नसत, म्हणून आजही आपण 'हॉनर' न म्हणता 'ऑनर' म्हणतो आणि त्याच्या आधी 'ॲन' लावतो. 'अवर', 'एअर' आणि 'ऑनेस्ट' या शब्दांतही 'ह' लिहितात, पण बोलत नाहीत. इंग्लंडमध्ये हा शब्द 'यू' घालून लिहितात. अमेरिकेत तो 'यू'शिवाय लिहितात, कारण नोआ वेब्स्टर यांनी १८२८ च्या आपल्या शब्दकोशात सोपी स्पेलिंग्ज स्वीकारली.

यातला 'ऑनेस्ट' हा ऑनरचा सख्खा भाऊ आहे. तो लॅटिन 'होनेस्टुस' या शब्दापासून आला. सुरुवातीला त्याचा अर्थ 'प्रतिष्ठित' असा होता, पुढे तो 'खरे बोलणारा' असा झाला. ज्याला लोक मान देतात त्याच्यापासून जो खरे वागतो त्याच्यापर्यंत हा शब्द सरकला. ऑनरचाही प्रवास असाच बाहेरून आत झालेला आहे.

आपला मान

मराठीतल्या 'मान' या शब्दाचे कुटुंब पाहिले तर ते लॅटिन कुटुंबासारखेच दिसते. रोममध्ये पद हाच मान होता, तसे आपल्याकडे मराठा दरबारात 'मानकरी' हा सरदारांचा वर्गच होता. गावात पोळ्याला पाटलाच्या बैलजोडीला पुढे जाण्याचा मान असे. पुण्यात विसर्जनाच्या मिरवणुकीत मानाचे पाच गणपती आधी निघतात. लग्नातल्या मानपानावरून रुसवेफुगवे होतात, हे तर सगळ्यांना माहीत आहे. शब्दही जोडीने चालतात. लॅटिनवरून आलेल्या 'ऑनरेरियम'ला आपण 'मानधन' म्हणतो आणि 'ऑनररी'ला 'मानद'. सचिन तेंडुलकर यांना २०१० साली हवाई दलाने ग्रुप कॅप्टन हा हुद्दा दिला, तो मानद होता. गार्ड ऑफ ऑनर म्हणजे 'मानवंदना'.

मराठीत आणखी एक गंमत आहे. 'तो मान' म्हणजे आदर आणि 'ती मान' म्हणजे गळ्याचा भाग. हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिला संस्कृतच्या 'मन्' या धातूपासून आला आणि दुसरा 'मन्या' या शब्दापासून. पण बोलताना दोघांची गाठ पडली आहे. मान मिळाला की मान ताठ होते आणि चुकीचे वागलो की मान खाली जाते. म्हणजे आपल्या भाषेतही मान ही गोष्ट आधी लोकांच्या नजरेशी जोडलेली आहे.

मराठी आणि इंग्रजी यांची या शब्दावर थेट भेट होते ती बेळगावला रेजिमेंटल सेंटर असलेल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या ब्रीदवाक्यात. ते आहे 'कर्तव्य, मान, साहस'. यातला 'मान' म्हणजेच 'ऑनर'. पण तो कोणता मान? मिळणारा की पाळायचा?

उत्तरासाठी शिपाई नामदेव जाधव यांचे उदाहरण पाहू. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीवर हल्ला झाला, तेव्हा ते कंपनीचे रनर होते. त्यांच्याबरोबरची तुकडी जवळजवळ संपली. एका जखमी साथीदाराला त्यांनी खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून पलीकडे नेले. मग परत जाऊन दुसऱ्या जखमी जवानाला आणले. त्यानंतर ते पुन्हा गेले आणि मशीनगनच्या ठाण्यांवर तुटून पडले. हाताला जखम झाल्यावर त्यांनी ग्रेनेड फेकले. शेवटी बांधावर उभे राहून त्यांनी मराठ्यांची रणघोषणा दिली आणि मागच्या कंपन्यांना पुढे बोलावले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण क्रॉस नंतर मिळाला. नदीत ते पुन्हा पुन्हा उतरले तेव्हा त्यांच्यापुढे फक्त सोबतचे लोक होते.

गोल बाजारातला ऑनर

माझे घर रायपूरला आहे. छत्तीसगडवर १७४१ पासून नागपूरकर भोसल्यांचा अंमल बसत गेला आणि १८५४ साली इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले. राज्य गेले, तरी बरीच मराठी घरे तिथेच राहिली. आमच्या घरात मराठी, बाजारात हिंदी आणि गावाकडून आलेल्या गिऱ्हाइकाशी छत्तीसगडी, असा आमचा रोजचा व्यवहार असतो. आजोबांचे भांड्यांचे दुकान गोल बाजारात आहे. गोल बाजार ही रायपूरची जुनी बाजारपेठ आहे. किराणा, मसाले, बांगड्या, पूजेचे सामान, लग्नाचे सामान, सगळे तिथे मिळते. आजूबाजूच्या गावांतले छोटे दुकानदारही तिथून माल नेतात. असा बाजार अर्धा रोखीवर चालतो आणि अर्धा शब्दावर.

ऑनरचा दुसरा अर्थ मला तिथे कळला. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी दुकानात बसत होतो. एका गावच्या दुकानदाराने आजोबांकडून ४२,००० रुपयांचा माल नेला होता आणि चेक दिला होता. तो चेक बँकेतून परत आला. खात्यात पैसे नव्हते. वकिलांनी नोटीस तयार केली. त्यात हिंदीत 'अनादरित' असा शब्द होता आणि बँकेच्या कागदावर इंग्रजीत 'डिसऑनर्ड' असे लिहिले होते. चेकचा आणि ऑनरचा काय संबंध, हे मला कळेना. मी विचारले, "आजोबा, अनादर कोणाचा झाला? तुमचा?"

आजोबा म्हणाले, "माझा कशाला? चेकवर त्यानं शब्द लिहून दिला होता की अमुक तारखेला अमुक पैसे देईन. तो शब्द पुरा झाला नाही. शब्दाचा अनादर झाला."

इंग्रजीत 'टू ऑनर' हे क्रियापद इथे नेमके या अर्थाने येते. चेक ऑनर करणे म्हणजे लिहिलेला शब्द पुरा करणे. भारतात हा शब्द कायद्यात आहे. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टमध्ये डिसऑनरची व्याख्या आहे. १९८८ साली त्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९८९ पासून कलम १३८ लागू झाले. तेव्हापासून खात्यात पैसे नसल्यामुळे चेक परत जाणे हा गुन्हा होऊ शकतो. त्याला आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पण चेक परत आला की लगेच खटला होत नाही. बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते आणि नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पंधरा दिवस मिळतात. त्या पंधरा दिवसांत त्याने पैसे दिले तर गुन्हाच होत नाही. कायदासुद्धा माणसाला आपला शब्द पुरा करायला आणखी एक संधी देतो.

नोटीस मिळाल्यावर तेराव्या दिवशी तो माणूस स्वतः आला. गावातली उधारी धान विकल्यावर सुटते. लोकांचे पैसे उशिरा आले म्हणून त्याचे खाते रिकामे राहिले होते. त्याने पूर्ण रक्कम रोख मोजून दिली. आजोबांनी त्याला चहा पाजला, चेक परत केला आणि पुढचा मालही दिला. तो गेल्यावर ते म्हणाले, "चेक नाही वटला, पण माणूस वटला."

'वटणे' हा आपला खास मराठी शब्द आहे. हुंडी वटते, चेक वटतो, म्हणजे कागदावर लिहिलेल्याचे खरे पैसे होतात. ऑनरचे हे भाषांतर मला 'मान'पेक्षाही जास्त पटले.

याच कायद्यात आणखी एक सुंदर तरतूद आहे. एखादे बिल स्वीकारायला नकार मिळाला आणि त्याची रीतसर नोंद झाली, तर ज्याच्यावर काही जबाबदारी नाही असा तिसरा माणूस पुढे येऊन, ज्याच्याकडे ते बिल आहे त्याच्या संमतीने, ते स्वीकारू शकतो. इंग्रजीत याला 'ऑनरसाठी स्वीकारणे' असेच नाव आहे, म्हणजे दुसऱ्याची पत राखण्यासाठी. हे वाचून मला नरसी मेहतांच्या हुंडीची गोष्ट आठवली. द्वारकेच्या शामळशा शेठवर त्यांनी हुंडी लिहिली. यात्रेकरूंना त्या नावाचा कोणी सापडेना, तेव्हा श्रीकृष्णाने शेठ होऊन पैसे मोजले आणि भक्ताचा शब्द राखला. बाजारातला ऑनर म्हणजे दुसऱ्याचे देणे आणि दुसऱ्याची पत.

दहा डिसेंबर

गोल बाजारातून मालवीय रोडने चालत थोड्या वेळात जयस्तंभ चौक येतो. रायपूरची मुले हा चौक वीर नारायण सिंह यांच्या नावाने ओळखतात. ते सोनाखानचे जमीनदार होते. १८५६ साली दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी एका व्यापाऱ्याचे धान्याचे कोठार उघडून उपाशी लोकांना धान्य वाटले आणि आपण काय केले ते डेप्युटी कमिशनरला स्वतःच कळवले, असे सांगतात. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ती लूट होती. पण लूट करणारा लपतो. त्यांनी आपल्या नावावर ती गोष्ट घेतली आणि तिची किंमत मोजली. त्यांना अटक झाली. १८५७ च्या ऑगस्टमध्ये ते रायपूरच्या तुरुंगातून निसटले, सोनाखानला जाऊन लढले आणि शेवटी पकडले गेले. १० डिसेंबर १८५७ रोजी त्यांना रायपूरला फाशी देण्यात आली. ती जागा म्हणजे हाच चौक, असे मानले जाते. रायपूरच्या क्रिकेट स्टेडियमला आज त्यांचेच नाव आहे.

बरोबर ७५ वर्षांनी त्याच तारखेला, १० डिसेंबर १९३२ रोजी, डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकादमीचे उद्घाटन झाले. फील्ड मार्शल चेटवुड यांनी त्या दिवशी केलेल्या भाषणातली तीन वाक्ये आज अकादमीचे ब्रीद आहेत आणि आपल्यापैकी अनेकांना ती पाठ आहेत. पहिल्या वाक्याचा आशय असा की देशाची सुरक्षा, मान आणि कल्याण नेहमी सर्वांत आधी. दुसऱ्याचा असा की तुमच्या हाताखालच्या जवानांचा मान, कल्याण आणि सोय त्यानंतर. तिसऱ्याचा असा की तुमचा स्वतःचा आराम, सोय आणि सुरक्षा सर्वांत शेवटी.

ही वाक्ये मी अनेकदा म्हटली होती, पण शब्दाचा इतिहास पाहिल्यावर एक गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली. ऑनर हा शब्द पहिल्या वाक्यात आहे, दुसऱ्या वाक्यात आहे आणि तिसऱ्यात नाही. देशाचा मान आहे, जवानांचा मान आहे, पण अधिकाऱ्याच्या स्वतःच्या मानाचा उल्लेख कुठेच नाही. अधिकाऱ्याने दुसऱ्याचा मान सांभाळायचा आहे. स्वतःच्या मानाची मागणी करायची नाही.

ऑनर बिघडतो तेव्हा

हे उलटे झाले की काय होते, तेही इतिहासात दिसते. युरोप-अमेरिकेत शेकडो वर्षे लोक 'माझा मान' राखण्यासाठी द्वंद्वयुद्ध करत. अमेरिकेचे पहिले अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन १८०४ साली अशाच द्वंद्वात मारले गेले. समोर होते त्या वेळचे उपराष्ट्राध्यक्ष एरन बर. दोघेही मोठे होते, देशाच्या कामाचे होते. त्या गोळीने कोणाचा मान वाढला?

आपल्या काळात 'ऑनर किलिंग' हा शब्द बातम्यांत येतो. मुलीने किंवा मुलाने स्वतः निवडलेल्या जोडीदाराशी लग्न केले म्हणून घरचेच त्यांचा जीव घेतात आणि त्याला घराण्याचा मान म्हणतात. २००६ साली लता सिंह खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा खुनांमध्ये मानाचे काहीही नाही, असे स्पष्ट सांगितले. 'लोक काय म्हणतील' एवढाच ज्याचा अर्थ उरतो, तो ऑनर दुसऱ्याचा जीवसुद्धा घेतो. कारण त्यात फक्त मिळणे शिल्लक राहते आणि पाळणे निघून जाते.

आपला ऑनर कोड

अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट अकादमीचा ऑनर कोड जगभर प्रसिद्ध आहे. कॅडेट खोटे बोलणार नाही, फसवणार नाही, चोरी करणार नाही आणि असे करणाऱ्याला खपवूनही घेणार नाही, असे तो सांगतो. पहिल्या तीन गोष्टी आपल्याला समजतात. अवघड आहे ती चौथी. डॉर्ममध्ये आपण भावासारखे राहतो. मित्राने कॉपी केली किंवा दुसऱ्याची वस्तू घेतली, हे दिसले तर काय करायचे? सांगितले तर मुले चुगलखोर म्हणतात. गप्प बसलो तर ज्याची वस्तू गेली त्याच्यावर अन्याय होतो. हा प्रश्न प्रत्येक बॅचला पडतो आणि बहुतेक वेळा आपण गप्प बसतो.

मला वाटते, गोल बाजाराकडे याचे उत्तर आहे. आजोबा गप्पही बसले नाहीत आणि थेट कोर्टातही गेले नाहीत. त्यांनी आधी नोटीस दिली. आपणही आधी मित्रालाच स्पष्ट सांगावे, की मी पाहिले आहे. दोन दिवसांत तू स्वतः जाऊन सरांना सांग आणि वस्तू परत कर. मी हवा तर तुझ्याबरोबर येतो. नाही सांगितलेस तर मला सांगावे लागेल. ही चुगली नव्हे, कारण चुगली पाठीमागे होते आणि हे तोंडावर आहे. तो गेला तर त्याचा मान राहतो आणि ज्याचे नुकसान झाले त्यालाही न्याय मिळतो. नाही गेला, तर मग आपण आपला शब्द पाळायचा. तो सगळ्यांत कठीण भाग आहे, कारण त्या वेळी आपल्याला कोणी मान देणार नाही. कदाचित काही दिवस कोणी बोलणारही नाही.

ऑनर बोर्डवर आपले नाव लागेल की नाही, हे गुणांवर आणि नशिबावर आहे. तो मिळणारा मान आहे आणि त्याची इच्छा धरण्यात काही वाईट नाही. पण प्रेपच्या वेळी कोणी पाहत नसताना स्वतःचे गणित स्वतः सोडवणे, ज्युनिअरला दिलेला शब्द लक्षात ठेवणे, उसने घेतलेले पन्नास रुपये न मागता परत करणे, हे रोज आपल्या हातात आहे. त्यासाठी बिगुल वाजत नाही. तेवढे पाळले की माणूस वटतो.

जय हिंद!